दहा बाय बाराच्या खोलीसाठी एक लेन्स

शनिवार, सकाळचे साडेअकरा. सीएसएमटीच्या सबवेतून वर आले तेव्हा सॅकच्या आतल्या कप्प्यात चाळीस हजार रुपये होते आणि डोक्यात फुल टू कन्फ्युजन! चाळीस हजार म्हणजे काय, हे फ्रीलान्सर मंडळींना वेगळं सांगायला नको. दोन मासिकांची उशिरा आलेली बिलं, एका दिवाळी अंकाचं मानधन आणि गोव्याची कॅन्सल केलेली ट्रिप, एवढ्या सगळ्यांची बेरीज. या पैशांत मला डीएसएलआर घ्यायचा होता.

‘आता? डीएसएलआर?’ मैत्रिणीने भुवया उंचावल्या. तिचंही चूक नाही. कॅनन आणि निकॉन या दोन्ही बड्या कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. सगळं लक्ष मिररलेसकडे. पेंटॅक्सने तेवढा २०२१मध्ये के-३ मार्क थ्री आणि २०२३मध्ये त्याचा फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढणारा भाऊ आणला. म्हणजे ज्या गाडीचा शेवटचा डबा निघून गेला, त्या प्लॅटफॉर्मवर मी तिकीट काढून उभी!

पण यात एक गंमत आहे. लग्नाचे फोटो काढणारे, प्रेसवाले असे अनेकजण मिररलेसकडे वळले आणि त्यांच्या डीएसएलआर बॉडी, लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या. माझ्या चाळीस हजारांत धड मिररलेस आणि धड लेन्स दोन्ही बसत नव्हतं. जुन्या डीएसएलआरमध्ये बसत होतं. आणि मला घाई होती.

घाईचं कारण

माझी आजी गिरगावात राहते. ठाकूरद्वारजवळची चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली. १९६३मध्ये लग्न होऊन ती या खोलीत आली, ती आजतागायत. आता चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. ३१ मेच्या आत खोल्या रिकाम्या करून द्यायच्या. आजी आमच्याकडे डोंबिवलीला येणार. नवी इमारत उभी राहील तेव्हा राहील. वय वर्षं त्र्याऐंशी असताना ‘तेव्हा’ या शब्दाचा अर्थ सगळ्यांनाच कळतो, फक्त कोणी बोलत नाही.

मार्चमध्ये मी मोबाइलवर आजीचे फोटो काढून बघितले. मोबाइलला नावं ठेवायचा माझा अजिबात विचार नाही, रस्त्यावर, उन्हात तो मस्तच काम करतो. पण खोलीत संध्याकाळी एकच ट्यूब. मोबाइल दोन-तीन सेकंद ‘हलू नका’ म्हणतो आणि आजी काही एका जागी बसत नाही. ती चहा टाकते, डबा उचलते, मोरीत वाकते. फोटोत तिचे हात म्हणजे नुसता धूर. वाइड लेन्स लावली, तर कडेला उभे असलेले बाबा असे ताणले गेले की, आई हसून हसून बेजार. आता कळलं? प्रश्न हौसेचा नव्हता, तारखेचा होता.

बोरा बाजार, मेरी जान!

फोर्टातला बोरा बाजार तुम्हाला माहीत नसेल, तर तुम्ही मुंबईत फोटो काढलेलेच नाहीत, असं बाबा म्हणतात. सीएसएमटीसमोरून आत शिरायचं, हातगाड्या चुकवायच्या, झेरॉक्सवाले, स्टेशनरीवाले मागे टाकायचे आणि मग दुकानांच्या काचांमधून डोळे वटारून बघणाऱ्या लेन्स दिसायला लागतात. तशी ही सवय या शहराला जुनी आहे. फोटोग्राफीची घोषणा पॅरिसला झाली १८३९ साली आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४मध्ये. समोरचं स्टेशन बांधून पूर्ण झालं १८८८ला. म्हणजे मुंबईचा कॅमेरा व्हीटीपेक्षाही सीनियर!

१९९४मध्ये बाबांनी याच गल्लीतून एक निकॉनचा फिल्मचा कॅमेरा घेतला होता, सोबत ५० एमएम एफ १.८ लेन्स. कॅमेरा कधीच बंद पडला. लेन्स मात्र आईने तांदळाच्या डब्याशेजारी, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बरणीत जिवापाड जपली. माझ्या बारशाचे फोटो त्याच लेन्सने काढलेले. त्यामुळे ‘निकॉन की कॅनन’ या राष्ट्रीय प्रश्नाचं उत्तर आमच्या घरी बरणीत तयार होतं.

सिस्टिम निवडायची म्हणजे काय, ते मला तेव्हा नीट कळलं. बॉडी म्हणजे भाड्याचं घर. पाच-सात वर्षांनी बदलणारच. लेन्स म्हणजे आईची पितळेची भांडी. घर बदललं तरी ती सोबत येतात. फक्त नव्या घराच्या ओट्यावर ती मावतील ना, एवढं आधी बघायचं. लेन्स बॉडीला जिथे अडकते त्याला माउंट म्हणतात, तोच हा ओटा. निकॉनचा एफ माउंट १९५९पासून तोच आहे. कॅननने मात्र १९८७मध्ये जुना माउंट सोडून नवा ईएफ माउंट आणला.

आता यात एक खोच आहे, ती लक्षात ठेवा. बाबांच्या लेन्सला स्वतःची मोटर नाही. फोकस फिरवायला बॉडीतली मोटर लागते. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० अशा हलक्या, स्वस्त बॉडीत ही मोटरच नाही. लेन्स बसते, पण फोकस हाताने करायचा. डी९०, डी७०००, डी७२०० यांच्यात मोटर आहे. आणि निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अ‍ॅडॅप्टर लावून ही लेन्स चढवली, तरी ऑटोफोकस चालत नाही, कारण अ‍ॅडॅप्टरमध्ये मोटर नाही. कॅननचा हिशेब सोपा. ईएफ लेन्सची मोटर पहिल्यापासून लेन्समध्येच, त्यामुळे ती कुठल्याही ईओएस डीएसएलआरवर ऑटोफोकस करते. घरात वडिलोपार्जित काही नसेल, तर कॅननकडे जायला काहीच हरकत नाही.

‘शूट क्या करोगे?’

पहिल्या दुकानात मी मोठ्या थाटात म्हटलं, ‘डी७२०० दाखवा. सेकंडहँड.’

‘मॅडम, कॉम्बो ले जाओ ना. अठरा-पचपन, सत्तर-तीनसौ, बॅग फ्री.’

दुसऱ्या दुकानात एक वयस्कर चाचा बसले होते. पुढ्यात स्क्रू, ब्लोअर आणि उघडलेली एक लेन्स. त्यांना मी मनातली सगळी यादी ऐकवली. आजीच्या पोर्ट्रेटसाठी ८५ एमएम, पक्ष्यांसाठी ३००पर्यंतची टेली, झालंच तर एखादी मॅक्रो… चाचांनी मान वर न करताच विचारलं, ‘बेटा, शूट क्या करोगे?’

‘सबकुछ.’

‘सबकुछ का लेन्स नहीं आता.’

मग त्यांनीच आयडिया दिली. डिपॉझिट ठेवा, एक दिवस डी७२०० आणि १८-५५ची किट लेन्स भाड्याने न्या. मनात येईल तसे फोटो काढा, झूमकडे बघू नका. रात्री फोटोंची माहिती उघडून बघा, कुठला फोटो किती एमएमवर काढलाय. ‘जो नंबर बार बार आया, वो तुम्हारा लेन्स.’

मास कॉमच्या दोन वर्षांत मला कॅमेऱ्याबद्दल इतकं सरळ कोणी सांगितलं नव्हतं!

फोर्ट ते गिरगाव, व्हाया झूम

निघाले. सीएसएमटीसमोर, महापालिकेच्या बाजूला उभी राहिले. १८वर अख्खं स्टेशन मावलं, घुमटासकट. पण दगडात कोरलेली माकडं, मोर, पानंफुलं टिपायची, तर ५५ही अपुरं. टेलीचा मोह इथे पहिल्यांदा झाला. खरं सांगू? स्टेशनवरचे मोर मी आयुष्यात किती वेळा काढणार?

तिथून डी. एन. रोडच्या कमानींखालून हुतात्मा चौक. पुस्तकवाला, टाय विकणारा, दोन वकील आणि कटिंग. कमानीखाली माणूस तुमच्यापासून सहा-सात फुटांवर असतो, ना लांब ना जवळ. झूम आपोआप मधे कुठेतरी थांबायचा. हॉर्निमन सर्कलच्या गोल व्हरांड्यातही तेच. एशियाटिकच्या पायऱ्यांवर एक कॉलेजचा ग्रुप रील बनवत होता. त्यांच्यातली एक म्हणाली, ‘ताई, हा जुनावाला कॅमेरा ना? भारी!’ एकाच वाक्यात ‘ताई’ आणि ‘जुनावाला’. असो.

चार वाजता हुतात्मा चौकातून मेट्रो पकडली. ऑक्टोबर २०२५मध्ये अ‍ॅक्वा लाइन कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून फोर्ट ते गिरगाव म्हणजे तीन स्टेशनं: सीएसएमटी, काळबादेवी, गिरगाव. वर्दळीच्या रस्त्याखालून थंडगार डब्यात बसून आपण पाच-सात मिनिटांत पोहोचतो. वर आलं की, एका बाजूला नवे टॉवर, एका बाजूला आमच्यासारख्या लाकडी कठड्याच्या चाळी. त्यांतल्या किती पुढच्या वर्षी दिसतील, देव जाणे.

परीक्षा खोलीत

आजी मोरीपाशी होती. ‘आलीस? चहा घे आधी. आणि हे काय लोढणं गळ्यात?’

बाबांची ५० मी मुद्दाम बरोबर आणली होती. मनात पक्कं होतं: आजीचं सुंदर पोर्ट्रेट काढायचं, मागचं सगळं धूसर, चेहरा स्पष्ट. लेन्स लावली, कपाटाला पाठ टेकली, डोळा लावला. आजी गुडघ्यापासून खाली गायब! कॅमेरा आडवा केला, तर कॉटचा अर्धा भाग गायब. मागे सरकायला जागा कुठली? मागे कपाट, कपाटामागे भिंत, भिंतीमागे शेजारच्या काकू.

इथे थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. डी७२००सारख्या क्रॉप सेन्सर कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ एमएम रुंद असतो. दहा फुटांवरून ५०ची लेन्स सुमारे ४.७ फूट रुंदी बघते. ३५ची बघते ६.७ फूट. आणि १८ची बघते १३ फूट, म्हणजे अख्खी भिंत. फिल्मच्या कॅमेऱ्यावर हीच ५० दहा फुटांवरून सात फुटांहून जास्त बघायची, म्हणून बाबांना ती या खोलीत कधी अडली नाही. लेन्स तीच, खोली तीच, सेन्सर लहान झाला.

‘आजी, जरा गॅलरीत येतेस? बाहेर चेहरा छान येईल.’

आजी हात पुसत म्हणाली, ‘चेहरा कशाला काढतेस माझा? मी तर येणारच आहे तुमच्याबरोबर डोंबिवलीला. खोली येणारे का? खोलीचा काढ.’

मी गप्पच झाले. इतके दिवस मी एमएम, एफ स्टॉप, रिव्ह्यू यांच्यात डोकं घालून बसले होते. काय काढायचंय, ते ज्याचं घर जातंय त्याला विचारलंच नव्हतं!

पुन्हा किट लेन्स चढवली. १८वर खोली आली, पण त्यात आजी एवढीशी. ३५च्या आसपास आणलं, तर आजी, मोरीचा कठडा, वरची डब्यांची फळी, सगळं एका फोटोत गुण्यागोविंदाने. फक्त आता सहा वाजून गेलेले. किट लेन्स ३५वर जेमतेम एफ ४.५पर्यंत उघडते. शटर आलं १/१०. लेन्समध्ये हात स्थिर ठेवणारी सोय असते खरी, पण ती माझा हात धरते, आजीचा नाही. पुन्हा हातांचा धूर. एफ १.८ची लेन्स याच्या सहापट प्रकाश आत घेते. म्हणजे त्याच ट्यूबखाली शटर १/६० आणि आजीचे हात आजीचेच.

रात्री ट्रेनमध्ये फोटो चाळले. एकूण दोनशे बारा. एकशे एकतीस २८ ते ३८च्या मधले. ५५वर फक्त चौदा, त्यांतले अकरा स्टेशनच्या मोरांचे! ८५ आणि ३०० कुर्ल्याच्या आधीच यादीतून उतरले.

खरेदी आणि बुरशी

पुढच्या शनिवारी पुन्हा बोरा बाजार. चाचांनी ३५ एमएम एफ १.८ डीएक्स काढली. निकॉनने ही २००९मध्ये खास क्रॉप सेन्सरसाठी आणली होती. मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघितलं, तर आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा. बुरशी! मुंबईच्या पावसाळ्याची देणगी. चाचांनी स्वतःच ती बाजूला ठेवली. ‘ये मत लो.’ दुसरी स्वच्छ निघाली.

डी७२००चं शटर बत्तीस हजार वेळा चाललेलं. कंपनीने ते दीड लाखांपर्यंत तपासलेलं असतं, म्हणजे बॉडी अजून तरुण. बॉडी, ३५ आणि एक जुनी १८-५५ मिळून साडेअडतीस हजार. उरलेल्या पैशांत हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दोघांचा चहा.

घरी आल्यावर बाबांनी बॉडी हातात घेतली, बरणीतली ५० काढली आणि खट्कन बसवली. आतली मोटर घर्रर्र वाजली, फोकस झाला. ‘चालतेय की!’ बाबा म्हणाले आणि संध्याकाळभर आईचे फोटो काढत बसले. आई वैतागली होती म्हणे. तसं फोटोत दिसत मात्र नाही.

आता दर शनिवारी मी गिरगावात असते. ३५ लावलेली, काढायची वेळ क्वचितच येते. पहिला फोटो दाखवला, तर आजी चष्मा वर करून म्हणाली, ‘ह्यात कॅलेंडर नाही आलं गं.’ मग कॅलेंडरसाठी १८-५५. बाबांची ५० गॅलरीत, जिथे मागे सरकायला पंधरा-वीस फूट लांब सज्जा आहे.

आजीने आता पाठकोऱ्या कागदावर यादीच करून दिलीय. मोरी. दाराची आतली कडी. आजोबांची सदऱ्याची खुंटी. माळ्यावरची ट्रंक. खिडकीतून दिसणारा समोरच्यांचा आकाशकंदील, जो त्यांनी दिवाळीपासून उतरवलेलाच नाही. एकूण सतरा गोष्टी, त्यांत चेहरा एकही नाही. अकरा झाल्या, सहा बाकी आहेत. मे महिन्याचे तीन शनिवार उरलेत. ट्यूब मात्र अजून तीच आहे आणि माझं काही आता तिच्यावाचून अडत नाही!

तुम्हीही निघणार असाल, तर…

• आधी लेन्स ठरवा, मग माउंट, शेवटी बॉडी. घरात जुनी लेन्स असेल, तर ती कुठल्या बॉडीवर ऑटोफोकस करते ते आधी बघा.

• एक दिवस १८-५५ वापरून स्वतःचा नंबर शोधा. कॅननच्या क्रॉप बॉडीवर घरातल्या फोटोंसाठी छोटीशी २४ एमएम एफ २.८ बघा, निकॉनवर ३५ एमएम एफ १.८.

• खोलीत फोटो काढायचे असतील, तर टेप घेऊन अंतर मोजा. ५० एमएम स्वस्त आणि मस्त असते, पण क्रॉप सेन्सरवर तिला मागे सरकायला जागा लागते.

• सेकंडहँड लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघा. बॉडीवर एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. शटर काउंट विचारा.

• बिल घ्या, पार्ट बदलून मिळण्याची मुदत लिहून घ्या. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

• आणि हो, ज्याचे फोटो काढायचेत, त्याला एकदा विचारा!